दुरून ओळखू येणारी खूण

मार्चमधल्या त्या रविवारी मिरची-मसाल्याचं कांडप बंद ठेवायचं, असं मंजुषाने सांगितलं तेव्हाच संतोषला कळलं की बायको या वेळी मागे हटणार नाही. मिरचीच्या ऐन हंगामात उटनूरच्या बाजारामागचं हे कांडप संतोषच्या वडिलांच्या, नागोरावांच्या हयातीत कधी बंद राहिलं नव्हतं. ते गेले तेव्हासुद्धा तिसऱ्याच दिवशी त्यांच्या बायकोने, गयाबाईंनी मशीन सुरू करायला लावलं होतं, कारण जंगलातल्या गुड्यांवरून, गोंडांच्या वस्त्यांवरून, आलेली माणसं मिरच्यांची पोती घेऊन ओट्यावर मुक्काम ठोकून होती. आज मात्र दाराला कडी होती, बाहेर पाटीवर खडूने 'उद्या या' लिहिलं होतं, आणि आत घरातली पाच माणसं चटईवर बसली होती. सवय असूनही अधूनमधून कुणीतरी शिंकत होतं.

प्रश्न एका चित्राचा होता. बेल्लमपल्लीच्या खाणकामगारांच्या वसाहतीत मोठं किराणा दुकान चालवणाऱ्या एका माणसाला मंजुषाचं तिखट आवडलं होतं. बारा महिने माल घेतो म्हणाला, पण पाकिटात द्या. पाकिटावर नुसतं नाव त्याला नको होतं. त्याच्या दुकानात तेलुगू बोलणारे येतात, हिंदी बोलणारे येतात, मराठी येतात, काहींना तर कुठलंच अक्षर येत नाही. एकदा नेलेलं तिखट दुसऱ्यांदा मागताना त्यांनी लांबून बोट दाखवून 'ते द्या' म्हणावं, अशी खूण त्याला हवी होती. पाकिटं नागपूरला छापायची होती. छापणारा संध्याकाळी सहापर्यंत थांबणार होता. त्यानंतर त्याचं मशीन दुसऱ्याच्या कामाला लागणार आणि यांची पाळी थेट पावसाळ्यात. शिवाय छपाईचे रूळ एकदा कोरले की त्यात बदल नाही.

पावसाळ्यापर्यंत थांबायला मंजुषाकडे वेळ नव्हता. कांडप वर्षातून चार महिने चालतं, मशीन विकावं आणि गाळा मोबाइलच्या दुकानाला भाड्याने द्यावा, असं संतोष दिवाळीपासून म्हणत होता. किनवटला दिलेली त्याची बहीण मीनल त्याच्या बाजूने होती. दोघांनी मिळून गिऱ्हाईकसुद्धा आणलं होतं. मंजुषाने तेव्हा एकच हंगाम मागून घेतला होता. तो हंगाम आता संपत आला होता, आणि आज खूण ठरली नाही तर मशीन जाणार, हे पाचही जणांना ठाऊक होतं.

मीनल सकाळच्या बसने आली ती चपला काढायच्या आधी भिंतीवरचा नागोरावांचा फोटो उतरवून मोकळी झाली. हार काढला, पदराने काच पुसली आणि फोटो चटईच्या मधोमध ठेवला. मशीन विकायचं असलं तरी वडिलांना मागे टाकून कुणी पुढे जायचं नाही, असा तिचा हिशेब होता. बाबांनी हे उभं केलं, तर पाकिटावर बाबाच पाहिजेत, फेटा बांधलेले. संतोषनेही मान डोलावली. भाऊबहीण एकत्र आले की त्यांच्या माना सारख्याच हलत.

मंजुषाने सासऱ्यांच्या फोटोकडे पाहिलं. या माणसाने तिला मशीनच्या पट्ट्याला हात लावू दिला होता, तोही लग्नाला वर्ष व्हायच्या आत. त्याच्यावर तिचा जीव होता.

"मीनलताई, पाकीट फोडल्यावर लोक काय करतात त्याचं?" तिने विचारलं.

"काय करतात म्हंजे? फेकतात."

"कुठं?"

बसस्टँडच्या मागच्या नालीवरूनच मीनल आली होती. गुटख्याच्या, शेवेच्या, शाम्पूच्या पाकिटांनी ती नाली काठोकाठ भरलेली असते. तिने फोटो उचलला, उठून खिळ्याला अडकवला आणि हार परत घातला. परत येताना ती संतोषच्या शेजारी बसली नाही, आईच्या शेजारी बसली. संतोषने मग देवीचं नाव काढलं, पण देवीचीही वाट त्याच नालीतून जाते हे त्याच्याच ध्यानात आलं आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं.

आता प्रज्वलची पाळी होती. मंजुषाचा हा मुलगा हैदराबादला एका जाहिरातवाल्याच्या ऑफिसात दोन वर्षं काढून आला होता, आणि गेले आठ दिवस तो खोलीत दार लावून बसला होता. त्याने लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवला. पांढऱ्यावर एकच काळी आकृती होती. विळ्यासारखी वळलेली एक जाड रेघ आणि तिच्या पोटाशी एक गोल ठिपका. मीनलला ती मिरची वाटली, संतोषला चंद्रकोर. मंजुषाने लॅपटॉप जवळ ओढून पुन्हा पाहिलं. ही खूण एकदा पाहिली की विसरायची नाही.

प्रज्वलला आता थांबवणं कठीण होतं. त्याने सांगितलं की चांगल्या खुणेला चारच कसोट्या असतात. वीस पावलांवरून दिसली पाहिजे. एकाच रंगात चालली पाहिजे. अक्षर न येणाऱ्याला कळली पाहिजे. आणि दुसऱ्या कशातही मिसळता कामा नये. या चारही कसोट्या त्याने पारखल्या होत्या. परवाच्या बाजारात त्याने ही आकृती पुठ्ठ्यावर चिकटवून भाजीच्या ओळीच्या टोकाला उभी केली होती. चार गोंड बायका, एक बस कंडक्टर, एक कांदेवाला, सगळ्यांनी तासाभराने इतर दहा चित्रांतून बरोबर तीच उचलली.

"आन् ही माझी नाईच," तो हसत म्हणाला. "आपल्याच घरची आहे. माळ्यावर एक जुना डबा सापडला, त्याच्या झाकणावर होती. डांबरानं काढलेली. आजी, तूच काढली ना?"

गयाबाई सकाळपासून बोलल्या नव्हत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण जुन्या काळी कांडपावर येणाऱ्या प्रत्येक घराच्या डब्यावर त्या स्वतः गेरूने खूण करत. कुणाला तीन ठिपके, कुणाला फुली, कुणाला मासोळी. चाळीस-चाळीस डबे ओळीने असत, तरी एकाचं तिखट दुसऱ्याकडे कधी गेलं नाही. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की प्रज्वलला ती तोंडपाठ होती. आजी खूश होईल असं त्याला वाटलं होतं.

गयाबाई चित्राकडे पाहत होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मीच काढली," त्या म्हणाल्या. "दुरून दिसावी म्हनूनच काढली होती."

"तेच तं सांगून राह्यलो—"

"आईक पुरतं. बाकीच्यायच्या खुना गेरूच्या. दरसाली पुसायच्या. ही डांबराची, पुसू नये म्हनून. डबा पंचफुलाचा होता. दौलतची बायको, आपल्या वांग्याच्या वावरात कामाले होती ते. तिचा डबा ओळीत नोयता राहत. तिकडं, लिंबाखाली. कोनी चुकून हात लावू नये, आपल्या डब्यायले त्याचा स्पर्श होऊ नये, म्हनून मोठी खून. लेकरायलेबी कळावी, अडान्यालेबी कळावी. तुह्या बाबाच्या बाबानं सांगितलं, अन् मी काढली. लय मन लावून काढली."

मीनलने पदर तोंडाला लावला. सात-आठ वर्षांची असताना लिंबाखालच्या डब्यावर बसली म्हणून तिने पाठीत धपाटा खाल्ला होता आणि भर थंडीत अंघोळ करावी लागली होती. मार का बसला, हे तिने आजवर कुणाला विचारलं नव्हतं. प्रज्वलने लॅपटॉप अर्धा मिटला. आठ दिवस ज्या रेघेवर तो जीव टाकत होता, बाजारात ज्या रेघेची त्याने फुशारकी मारली होती, तिच्या चारही कसोट्या आजीने एका शिवाशिवीसाठी केव्हाच पार केल्या होत्या. त्याला शरम वाटली आणि शरमेपेक्षा जास्त, राग आला. तो नेमका कुणावर, हे त्याला ठरवता येईना.

"मग डबा आपल्याकडं कसा?" मंजुषाने विचारलं.

गयाबाईंनी थोडक्यात सांगितलं. एका नव्या गिऱ्हाइकाने ओट्यावर उभं राहून त्या खुणेचा अर्थ विचारला, आणि नागोरावांनी सगळ्यांदेखत, मोठ्या आवाजात तो सांगितला. पंचफुला तिथेच उभी होती. तिने गरम तिखट लुगड्याच्या पदरात ओतून घेतलं, डबा तिथेच टाकला आणि गेली. वावरातही परत आली नाही. गयाबाईंना तो डबा ना फेकवला, ना कुणाला देववला.

सगळ्यात आधी सावरला तो संतोष. त्याचं म्हणणं वरवर बिनतोड होतं. चाळीस वर्षांची गोष्ट, बेल्लमपल्लीत ती कुणाला ठाऊक आहे? हात आईचा, डांबर आपलं, खूण आपली. शिवाय तीन वाजून गेले होते. बायकोचा हंगाम वाचवायला तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि मंजुषाला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही.

"डब्यावर काढलेली खून डबेवाल्याची असते," ती म्हणाली. "आईनंच शिकवलं मले. तीन ठिपक्याचा डबा आपन कधी दुसऱ्याले देला का? इचारल्याशिवाय ही पाकिटावर जात नाई."

"अन् ते नाई म्हनल्या तं?"

"तं नाई."

प्रज्वलने पंचफुलाबाईंच्या नातीला, प्रीतीला, फोन लावला. ती आश्रमशाळेत शिकवते, शाळेच्या फलकाचं काम त्याने तिला करून दिलं होतं. आजी घरीच आहे, या, एवढंच ती म्हणाली. मंजुषा उठली तशा गयाबाईही गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. तुम्ही राहू द्या, असं कुणी म्हटलं नाही.

ऑटोतून बौद्धवाड्यात जायला दहा मिनिटं लागली. गयाबाईंना ती फार कमी वाटली. या गावात सत्तावन्न वर्षं काढून हा रस्ता त्या प्रथमच पाहत होत्या. घर पक्कं होतं, निळं रंगवलेलं. ओसरीवर पंचफुलाबाई अंबाडीची पानं खुडत होत्या आणि प्रीती वह्या तपासत होती. जयभीम, नमस्कार झालं. प्रीतीने खुर्च्या दिल्या. मंजुषाने आडपडदा न ठेवता काम सांगितलं आणि प्रज्वलने दिलेला कागद पुढे केला.

पंचफुलाबाईंनी कागद हातात घेतला नाही. नुसता पाहिला, आणि पानं खुडायचा हात थांबला.

मग गयाबाई बोलल्या. वाक्यं तुटत होती, पण काही लपवलं नाही. हे कशासाठी काढलं होतं, कुणाच्या सांगण्यावरून, आणि त्या दिवशी ओट्यावर आपण होतो, सगळं ऐकत होतो, तोंडातून शब्द काढला नाही, हेही सांगितलं. बोलताना त्यांना वाटत होतं की छातीवरचा धोंडा सरकतो आहे.

"मले मालूम हाये हे सारं," पंचफुलाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "चाळीस सालं एकाच बाजारात भाजी घेतली आपन. कितींदा समोरासमोर आलो. तवा काऊन नाई सांगितलं?"

"हिंमत नाई झाली."

"अन् आज कशी झाली?"

उत्तर मंजुषाने दिलं, कारण खोटं बोलायला ती आली नव्हती.

"आज गरज हाये आमाले."

"तेच म्हंते मी. तुमाले लागते म्हनून सांगून राह्यल्या. हा सौदा हाये, बाई. मन मोकळं कराले नाई आल्या तुमी. सौद्यात मी हे देत नाई."

पाकिटाच्या मागे दोन ओळींत खरी हकीकत छापता येईल, असं ऑटोत मंजुषाच्या मनात आलं होतं. ती तसं म्हणालीही. प्रीतीने लाल पेन वहीत ठेवून वही मिटली.

"म्हणजे आमच्या आजीच्या अपमानावर तुमचं तिखट खपणार, काकू."

मंजुषाला एकदम आपलीच लाज वाटली. तिने कागदाची घडी केली, फाडून चार तुकडे केले आणि ते स्वतःच्या पर्समध्ये टाकले. "तुमचं बरोबर हाये," ती म्हणाली. "हे कुठंच जानार नाई. शब्द देते." पंचफुलाबाईंनी मान हलवली. चहा झाला नाही, कुणी विचारला नाही आणि कुणाला अपेक्षाही नव्हती.

परतीच्या वाटेत गयाबाई एवढंच म्हणाल्या, "खरं बोलली ते."

कांडपावर पोचायला साडेचार झाले. संतोषने चेहऱ्यांवरून ओळखलं आणि पुन्हा सुरू झाला. त्या नाही म्हणाल्या तरी पाहायला कोण येणार आहे, थोडी वाकडी करा, ठिपका काढून टाका, पण सहा वाजतात, आणि सहानंतर मग मला बोलू नका. तो वाईट माणूस नव्हता. हातातोंडाशी आलेलं जाताना त्याला बघवत नसे, एवढंच. प्रज्वलने त्याच्या डोळ्यांदेखत आठ दिवसांचं काम पुसलं. लॅपटॉपच्या कचराकुंडीतूनही पुसलं, म्हणजे परत आणायची सोय राहिली नाही. संतोष कपाळाला हात लावून ओट्यावर जाऊन बसला.

"आता आपलं काढू," मंजुषा म्हणाली. "दुसऱ्याचं नाई, देवाचं नाई. आपल्याकडं काय हाये?"

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. मिरची तर प्रत्येकाच्या पाकिटावर असते. पातेलं, चमचा, ज्वाळा, एकेक नाव निघालं आणि प्रज्वलने एकेक खोडलं. पाच वाजून गेले. मग मीनल उठली आणि मशीनपुढे जाऊन उभी राहिली. लहानपणी ती इथे तासन्‌तास उभी राही. तीन लोखंडी मुसळं, एक वर जातं तेव्हा दुसरं मध्ये असतं आणि तिसरं खाली आपटतं. गिऱ्हाइकं नाकाला फडकं बांधून त्यांच्याकडेच टक लावून बसतात, दुसरं बघायला असतंच काय. ती मशीन विकायला निघालेली बाई होती, आणि आत्ता तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने पत्र्यावर साचलेल्या तिखटात बोटाने तीन उभ्या रेघा ओढल्या. एक उंच, एक मधली, एक बुटकी.

"हे पाय बरं, प्रज्वल."

प्रज्वलने रेघा जाड केल्या, टोकं गोल केली, अंतर सारखं केलं, एक लाल रंग ठेवला. कागद छापून संतोषच्या हातात दिला आणि त्यालाच गल्लीच्या टोकाला पाठवलं. संतोष कुरकुरत गेला, वीस पावलांवर उभा राहिला. समोरच्या टपरीवर दोन गोंड म्हातारे बिडी ओढत होते. त्यांनी कागद पाहिला आणि एकाने मूठ वर-खाली करून दाखवली. कांडप. संतोष परत आला तो भराभर चालत.

"ओळखलं त्यायनं," तो म्हणाला, आणि मग जरा दमाने, "मशीनच विकलं असतं तं ओळखलं नसतं म्हना."

"आधीच्या खुणेइतकी देखणी नाई ही," प्रज्वल आईला हळूच म्हणाला.

"नसू दे. आपली हाये. पाठव."

सहाला आठ मिनिटं असताना चित्र नागपूरला गेलं. मंजुषाने सोमवारी सकाळी सात वाजता कांडप उघडलं आणि बुधवारी रूळ कोरून झाल्याचा फोन आला. मीनलने सोमवारीच जाताना भावाला बाजूला घेऊन सांगितलं की मशीनच्या गिऱ्हाइकाला आता नाही म्हणून कळव. त्याने त्याच दुपारी कळवलं.

गयाबाईंना या सगळ्याचा आनंद झाला. तरी त्या जेवताना घास हातात धरून बसत. गुरुवारी दुपारी, मशीनच्या आवाजात कुणाचं लक्ष नसताना, त्यांनी ऑटो केला. बौद्धवाड्यात त्या एकट्या उतरल्या. प्रीती शाळेत होती. पंचफुलाबाई त्याच ओसरीवर होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून कोण आलं ते पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काम झालं नाई का तुमचं?"

"झालं. दुसरी खून काढली, ते छापाले गेली."

"मंग काय पायजे आता?"

"काई नाई पायजे," गयाबाई म्हणाल्या. ऊन डोक्यावर होतं, पण त्या परत फिरणार नव्हत्या. "रविवारी सौदा होता. आज नुसतं सांगाले आली."

पंचफुलाबाईंनी मांडीवरची पानं टोपलीत टाकली.

"सांगा," त्या म्हणाल्या. "पयल्यापासून सांगा."

गयाबाईंनी उभ्यानेच सुरुवात केली.